बारा शितं आणि एक नकाशा

शितावरून भाताची परीक्षा चालते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर सारखा शिजलेला असतो. प्रोस्टेटचा कॅन्सर असा सगळीकडे सारखा नसतो. ग्रंथीच्या एखाद्या कोपऱ्यात तो वाटाण्याएवढा दडून बसलेला असू शकतो. तरीही कित्येक वर्षं जगभर त्याचं निदान शितांवरूनच होत होतं.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन वाढलं की डॉक्टरांना कॅन्सरची शंका येते. पण वयानुसार ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली तरी पीएसए चढतं. ते 4 ते 10 च्या दरम्यान असलेल्या पुरुषांपैकी साधारण चौघांत एकालाच कॅन्सर निघतो. तो एक कोण, हे ठरवायला बायोप्सी लागते, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक नमुने काढून तपासावे लागतात.

स्तनात गाठ असली की डॉक्टर त्या गाठीतच सुई घालतात. प्रोस्टेटमध्ये मात्र कुठे टोचायचं हेच कळत नसे, कारण साध्या सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, तिच्यातला कॅन्सर बऱ्याचदा दिसत नाही. 1989 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ठरावीक सहा ठिकाणांहून नमुने घ्यायची पद्धत मांडली. पुढे सहाचे बारा झाले. प्रत्येक नमुना जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, शेवयाच्या तुकड्यासारखा. बाराही एकत्र केले तरी ग्रंथीचा एक टक्कासुद्धा भरत नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकांच्या अशा तीन बायोप्सी झाल्या. तिन्हींत काही निघालं नाही आणि पीएसए मात्र वाढतच राहिलं. चौथ्या वेळी आधी एमआरआय केला, तेव्हा गाठ दिसली ती ग्रंथीच्या पुढच्या भागात. गुदद्वारातून जाणारी सुई मागच्या बाजूने शिरते, ती तिथवर पोचतच नव्हती.

पण माझ्या मते जुन्या पद्धतीचा मोठा दोष हा नव्हे, दुसराच आहे. अंदाजाने टोचताना सुईला अनेकदा असे बारीक, संथ कॅन्सर लागतात, जे त्या माणसाला आयुष्यभर त्रास देणार नसतात. पण ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा कानावर पडला की घरात कोणाला झोप लागत नाही. मग ऑपरेशन होतं किंवा रेडिएशन दिलं जातं, आणि काहींच्या वाट्याला लघवीवरचा ताबा जाणं, लैंगिक क्षमता जाणं असे त्रास येतात. ज्या दुखण्याने मरण येणारच नव्हतं, त्याची ही किंमत.

एमआरआयला हा कॅन्सर दिसतो कसा? एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या रेणूंमधल्या हायड्रोजनकडून संकेत घेतो. निरोगी प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात पाण्याने भरलेल्या बारीक नळ्या असतात, त्यामुळे चित्रात तो भाग उजळ दिसतो. कॅन्सरमध्ये पेशी एकमेकींना खेटून वाढतात, नळ्या बुजतात आणि तिथे काळसर डाग उमटतो. दुसरी तपासणी पाण्याच्या हालचालीची. मोकळ्या अंगणात पोर कुठेही हुंदडतं, आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत त्याला चार पावलं टाकणंही अवघड. दाटीवाटीच्या पेशींमध्ये पाण्याचे रेणू असेच अडकतात आणि यंत्र ते टिपतं. हे सगळं पाहून रेडिओलॉजिस्ट संशयाला 1 ते 5 गुण देतात. या मोजपट्टीला पाय-रॅड्स म्हणतात. 4 किंवा 5 म्हणजे दाट संशय.

खरी परीक्षा ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाने घेतली. 576 पुरुषांचा एमआरआय झाला, नेहमीची बायोप्सीही झाली आणि पडताळ्यासाठी दर 5 मिलिमीटरवर सुई घालून अख्ख्या ग्रंथीची चाळणीही झाली. 2017 मध्ये निकाल आला. धोकादायक कॅन्सरपैकी 93 टक्के एमआरआयने पकडले, नेहमीच्या बायोप्सीने 48 टक्के. पुढच्या वर्षी 11 देशांतल्या 500 पुरुषांवरचा ‘प्रिसिजन’ अभ्यास आला. एमआरआयवर दिसलेल्या जागीच सुई घातली, तर धोकादायक कॅन्सर 38 टक्के पुरुषांत सापडला, जुन्या पद्धतीने 26 टक्क्यांत. निरुपद्रवी कॅन्सर 22 वरून 9 टक्क्यांवर उतरला. शिवाय एमआरआय गटातल्या 28 टक्के पुरुषांना सुई टोचावीच लागली नाही. मला हा शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

नेम धरायच्या रीती वेगवेगळ्या. काही डॉक्टर एमआरआय डोळ्यांपुढे ठेवून सोनोग्राफीवर अंदाजाने सुई नेतात. काही ठिकाणी संगणक एमआरआयचं चित्र चालू सोनोग्राफीवर बसवतो, त्याला फ्यूजन बायोप्सी म्हणतात. सुई गुदद्वाराऐवजी अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घातली, तर आतड्यातले जंतू आत जाण्याची भीती कमी होते.

एमआरआय फसतोही. ‘प्रॉमिस’मध्ये धोकादायक कॅन्सर नसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पुरुषांच्या चित्रातही संशयास्पद काहीतरी दिसलंच होतं. आपल्याकडे टीबीचा विसर पडून चालत नाही, कारण प्रोस्टेटमधला टीबी चित्रात हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. म्हणून निदानावर शिक्का पॅथॉलॉजिस्टच मारतात. उलट, चित्र स्वच्छ असलं तरी क्वचित कॅन्सर निसटतो. अशा वेळी पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून पाहतात. पीएसए 6 आणि ग्रंथी 60 मिलिलिटर असेल तर उत्तर 0.10, तीच ग्रंथी 30 ची असेल तर 0.20. सहसा 0.15 च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात.

खर्च आणि वेळ या अडचणी आहेतच. इथे एक दिलासा आहे. 2025 च्या ‘प्राइम’ अभ्यासात शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करणारं औषध, न देता केलेला आटोपशीर एमआरआय पूर्ण एमआरआयच्या बरोबरीचा ठरला. मात्र चित्रं चांगल्या दर्जाची हवीत आणि वाचणारा डोळा सरावलेला हवा.

तुमच्या घरात कोणाला बायोप्सी सांगितली असेल, तर एमआरआय आधी करता येईल का हे जरूर विचारा. सुई टोचल्यावर ग्रंथीत रक्त साकळतं, ते चित्रात घोटाळा करतं आणि मग सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. रिपोर्ट हातात आला की त्यात दोन गोष्टी शोधा: पाय-रॅड्सचा गुण आणि ग्रंथीचं आकारमान. दुसरी लिहिलेली नसेल तर ती लिहून मागा, वरचा भागाकार तिच्याशिवाय होत नाही.