ए५/१ सायफर आणि रेनबो टेबल

जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या (टूजी) मोबाइल सेवेत हँडसेट आणि टॉवर यांच्यामधला हवेतला संवाद गुप्त ठेवण्याचे काम ए५/१ नावाचे सायफर, म्हणजे गुप्त किल्लीच्या आधारे मजकूर सांकेतिक करणारी रीत, करते. या सायफरची ताकद किती उरली आहे, हे रेनबो टेबलांच्या साहाय्याने जाहीरपणे तपासण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग २००९ आणि २०१० या दोन वर्षांत झाला. एखाद्या सायफरची किंवा हॅशची (मजकुरापासून काढलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या ठशाची) प्रचंड आकडेमोड एकदाच आगाऊ करून तिच्यातला निवडक भाग तेवढा साठवून ठेवलेल्या कोष्टकाला रेनबो टेबल म्हणतात. प्रत्यक्ष किल्ली शोधायची वेळ येते तेव्हा, शाळेतल्या लॉगच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक काम आधीच उरकलेले असते. त्यामुळे या चाचणीचा प्रश्न ‘सायफर फुटते का’ असा नव्हता. त्याचे उत्तर जाणकारांकडे आधीच होते. ते किती वेळात, किती खर्चात आणि कोणाच्या हातून फुटू शकते, हे तपासायचे होते.

ए५/१ ची रचना १९८७ च्या सुमाराची असून ती कधी अधिकृतपणे प्रसिद्ध केली गेली नाही. तिचा ढोबळ आराखडा १९९४ मध्ये बाहेर फुटला. युरोपातल्या देशांत हे सायफर किती बळकट असावे यावर वाद होता आणि सोव्हिएत गटाच्या वॉर्सा करारातल्या देशांच्या सीमेला लागून असलेल्या पश्चिम जर्मनीला ते बळकट हवे होते, असे केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी त्याच वर्षी लिहिले. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात जीएसएमवरूनच झाला. म्हणजे आपल्याकडे ही सेवा आली तेव्हा आराखडा बाहेर येऊन वर्ष झाले होते. मार्क ब्रिसेनो यांनी १९९९ मध्ये प्रत्यक्ष फोनमधून संपूर्ण रचना उलगडली. त्याच वर्षी इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी निर्यातीसाठी मुद्दाम दुबळे ठेवलेले ए५/२ हे भावंड निकालात काढले. पुढे २००० मध्ये अ‍ॅलेक्स बिर्युकोव्ह, आदी शमीर आणि वॅग्नर यांनी साध्या संगणकावर ए५/१ फोडण्याची रीत मांडली, तर २००३ मध्ये एलाड बार्कन, एली बिहाम आणि नेथन केलर यांनी केवळ सांकेतिक मजकुरावरून किल्ली काढता येते हे दाखवले. तरीही पुढची कित्येक वर्षे हे सारे संशोधन-निबंधांपुरतेच राहिले आणि कंपन्यांच्या कारभारात त्यामुळे विशेष फरक पडला नाही.

या सायफरमध्ये १९, २२ आणि २३ बिटांची तीन शिफ्ट रजिस्टरे, म्हणजे दर ठोक्याला एकेक घर पुढे सरकणाऱ्या बिटांच्या रांगा, आहेत. तिन्ही मिळून ६४ बिटांची अंतर्गत स्थिती होते. प्रत्येक रजिस्टरातला एक ठरावीक बिट ‘मत’ देतो आणि ज्यांचे मत बहुमताशी जुळते तीच रजिस्टरे त्या ठोक्याला पुढे सरकतात, म्हणून प्रत्येक रजिस्टर सरासरीने चारपैकी तीन वेळा हलते. सुरुवातीला सिमकार्डात तयार झालेली ६४ बिटांची सत्रकिल्ली आणि मग फ्रेमचा (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या एका हप्त्याचा) २२ बिटांचा क्रमांक आत मिसळला जातो. त्यानंतरच्या १०० ठोक्यांचे उत्पादन फेकून दिले जाते आणि मग २२८ बिट बाहेर पडतात, त्यांतले ११४ एका दिशेला व ११४ दुसऱ्या दिशेला वापरले जातात. हे बिट मूळ मजकुराशी एक्सॉर होऊन (बिट सारखे तर ०, वेगळे तर १ असे मिसळून) हवेत जातात. फेकून दिलेल्या शंभर ठोक्यांमुळे सायफर अधिक गुंतागुंतीचे होईल अशी रचनाकारांची अपेक्षा असावी. प्रत्यक्षात या ठोक्यांमध्ये निरनिराळ्या स्थिती एकमेकींत विलीन होत जातात आणि शेवटी संभवणाऱ्या स्थितींची संख्या २ च्या ६४ व्या घातावरून सुमारे ६१ व्या घातापर्यंत घसरते. हल्लेखोराचे काम त्यामुळे आपोआप आठपटींनी हलके होते.

प्रत्येक स्थितीसाठी आठ बाइटांची एक नोंद ठेवायची म्हटली, तर पूर्ण ६४ बिटांसाठी जवळजवळ १५ कोटी टेराबाइट साठवण लागेल. दुसऱ्या टोकाला, काहीही न साठवता प्रत्येक वेळी सगळ्या किल्ल्या तपासायच्या म्हटल्या तर वेळ पुरणार नाही. या दोन टोकांच्या मधला मार्ग मार्टिन हेलमन यांनी १९८० मध्ये सुचवला. एका स्थितीपासून निघून सायफर चालवायचे, येणाऱ्या उत्पादनालाच पुढची स्थिती मानायचे आणि अशी लांब साखळी पूर्ण झाली की तिचे फक्त पहिले व शेवटचे टोक नोंदवायचे. शोधताना हाती आलेल्या उत्पादनापासून तशीच साखळी पुढे नेऊन नोंदलेले एखादे शेवटचे टोक गाठले, की त्या साखळीच्या सुरुवातीपासून पुन्हा चालत यायचे. आपल्या उत्पादनाच्या आधीची जी कडी, तीच हवी असलेली स्थिती. या रीतीत खोट अशी, की दोन साखळ्या कुठेही एकमेकींना भेटल्या की पुढे त्या एकच होऊन जातात आणि कोष्टकातली जागा वाया जाते. शेवटच्या टोकात ठरावीक शून्यांची खूण यावी, म्हणजे डिस्कवर वारंवार शोधावे लागत नाही, ही सुधारणा १९८२ मध्ये रॉन रिव्हेस्ट यांच्या नावावर जमा झाली. फिलिप ओएशलँ यांनी २००३ मध्ये साखळीतल्या प्रत्येक पायरीला थोडे वेगळे फलन दिले. आता दोन साखळ्या एकाच पायरीवर भेटल्या तरच विलीन होतात. पायऱ्यांना निरनिराळे रंग दिल्यास कोष्टक इंद्रधनुष्यासारखे दिसते, म्हणून ते ‘रेनबो’. आपला दावा त्यांनी विंडोजच्या पासवर्ड-हॅशवर सिद्ध केला होता: १.४ गिगाबाइटच्या कोष्टकाने अक्षरे व अंक असलेल्या पासवर्डांपैकी ९९.९ टक्के सरासरी १३.६ सेकंदांत सापडत होते.

ए५/१ या पद्धतीला फारच सोयीचे निघाले, कारण त्याची स्थितीही ६४ बिटांची आणि हवे तितके उत्पादनही ६४ बिटांचे घेता येते. उत्पादन मुरडून पुन्हा स्थितीच्या मापात बसवण्याची खटपट उरत नाही, रंगानुसार एक स्थिर संख्या एक्सॉर केली की पुढची कडी तयार. शिवाय एकदा स्थिती सापडली की रजिस्टरे उलटी फिरवून सत्रकिल्लीपर्यंत मागे जाता येते. उलट फिरवताना एकाहून अधिक उमेदवार निघतात, पण दुसऱ्या फ्रेमवर पडताळून पाहिले की खरा कोणता ते कळते.

मात्र कोष्टकात शोधण्यासाठी आधी सायफरचे नुसते उत्पादन हाती हवे आणि त्यासाठी मूळ मजकुराचा काही भाग माहीत असावा लागतो. जीएसएमची सर्वांत मोठी चूक माझ्या मते किल्लीच्या लांबीत नव्हे, तर इथे आहे. कॉल सुरू असतानाही टॉवर ठरावीक काळाने आपल्याविषयीची तीच ती माहिती हँडसेटला पाठवत राहतो. शिवाय संदेश २३ बाइटांपेक्षा लहान पडला तर उरलेली जागा षोडशमान पद्धतीतल्या ‘२बी’ या एकाच मूल्याने भरण्याचा नियम होता. असा एक १८४ बिटांचा संदेश चुकादुरुस्तीचे बिट मिळवून ४५६ बिटांचा होतो आणि ११४ बिटांच्या चार तुकड्यांत हवेत जातो. प्रत्येक तुकड्यातून ६४ सलग बिटांचे ५१ नमुने निघतात. म्हणजे एक अचूक ओळखलेला संदेश शोधासाठी २०४ संधी देतो, आणि त्यांतली एक जरी कोष्टकात सापडली तरी काम होते. म्हणूनच कोष्टकाने सर्व स्थिती व्यापण्याची गरज पडली नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या हॅकर्स-संमेलनात कार्स्टन नोल आणि साशा क्रिसलर यांनी ही कोष्टके सर्वांनी मिळून तयार करावीत असे आवाहन केले. नोल यांचे नाव त्याआधी २००८ मध्ये मायफेअर क्लासिक या स्पर्शविरहित चिप-कार्डाचे सायफर उलगडल्यामुळे माहीत झाले होते. त्यापूर्वीच्या प्रयत्नांमधली कोष्टके कधी लोकांच्या हाती आली नव्हती, म्हणून या वेळी काम अनेकांच्या घरच्या ग्राफिक्स कार्डांवर वाटून घेण्यात आले. डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या संमेलनात नोल आणि ख्रिस पॅजेट यांनी त्याची प्रगती मांडली. कोष्टकांत रिव्हेस्ट यांची खूण आणि ओएशलँ यांचे रंग यांचा मिलाफ केलेला होता: निव्वळ रंगांनी डिस्कवरचे शोध वाढतात, निव्वळ खुणेने साखळ्या फार विलीन होतात. सुमारे दोन टेराबाइटचा हा संच बिटटोरेंट या फाइली आपसांत वाटण्याच्या व्यवस्थेवरून वाटला गेला आणि जुलै २०१० मध्ये फ्रँक स्टीव्हनसन यांनी त्यात शोध घेणारा ‘क्राकेन’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. डिसेंबर २०१० मध्ये नोल आणि सिल्व्हँ म्यूनो यांनी जुन्या, स्वस्त मोटोरोला हँडसेटांवर बदललेले सॉफ्टवेअर चढवून सिग्नल टिपण्यापासून बोलणे ऐकण्यापर्यंतचा सगळा प्रवास सभागृहात दाखवला. लाखो रुपयांच्या यंत्रणेशिवाय हे होणार नाही, हा युक्तिवाद त्या दिवशी संपला.

मोबाइल कंपन्यांची संघटना असलेल्या जीएसएम असोसिएशनने सुरुवातीला हा धोका व्यवहारात फारसा संभवत नाही असे म्हटले आणि अशा प्रयोगांच्या कायदेशीरपणावर बोट ठेवले. तो मुद्दा अगदीच गैरलागू नाही. चाचणी स्वतःच्या सिमकार्डावर आणि संमती असलेल्या जोडणीवरच करायची असते, आणि दुसऱ्याचा संदेश बेकायदा अडवणे भारतात दूरसंचार अधिनियम, २०२३ खाली तुरुंगवासाला पात्र आहे. मात्र डिसेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या गुप्त कागदपत्रांवरून, अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था किल्ली नसतानाही ए५/१ मधला संवाद उलगडू शकते, असे वृत्त दिले. त्याच महिन्यात डॉइच टेलिकॉमने जर्मनीत ए५/३ हे नवे सायफर लागू करत असल्याचे जाहीर केले.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र नव्या सायफरचा नव्हताच. रिकाम्या जागेत ‘२बी’ ऐवजी यादृच्छिक बिट भरावेत ही तरतूद मानकात २००८ पासूनच होती. तिच्यासोबत टॉवरचे ठरावीक संदेशही अनिश्चित केले की कोष्टके जागच्या जागी राहूनही त्यांत शोधायला काही उरत नाही. कासुमी सायफरवर आधारलेले ए५/३ अधिक बळकट आहे, पण त्याची किल्ली ६४ बिटांचीच राहिली. शिवाय नकली टॉवरने फोनला ए५/१ वापरायला भाग पाडले, तर तीच सत्रकिल्ली दुबळ्या वाटेने निघते, कारण किल्ली कोणत्या सायफरसाठी आहे हे जीएसएममध्ये किल्लीशी बांधलेले नाही. १२८ बिटांच्या किल्लीचे ए५/४ ही उणीव बरीचशी भरून काढते, पण त्यासाठी हँडसेट, सिमकार्ड आणि जाळे तिन्ही नव्या धाटणीचे लागतात. अँड्रॉइड १२ पासून काही फोनांत टूजी पूर्ण बंद ठेवण्याची सोय आली आणि आयफोनच्या आयओएस १७ मधला कडक सुरक्षेचा लॉकडाउन मोड ते आपोआप बंद करतो. आपल्याकडे मात्र केवळ टूजीवर चालणारे साधे फोन आजही वापरात आहेत, बँकेचा ओटीपी त्यांच्यावर एसएमएसनेच येतो, आणि ही सोय त्यांच्यात नाही.