कलम गेले, क्रमांक राहिला

करारनाम्याचा मसुदा वाचताना मध्येच एक ओळ येते : '९. हेतुतः वगळले.' आधी ८ आहे, पुढे १० आहे, मध्ये एवढेच दोन शब्द. नवख्याला वाटते, आपल्यापासून काहीतरी दडवले. ती ओळ असते ती नेमका हाच संशय राहू नये म्हणून.

दस्तातल्या कोऱ्या जागेची धास्ती जुनी आहे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटे. मजकूर इथे संपला, पुढे कोणी काही घुसडू नये. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २० हीच काळजी घेते. दस्तात कोरी जागा किंवा खाडाखोड असेल आणि तिथे करून देणाऱ्यांच्या सह्या वा आद्याक्षरे नसतील, तर नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो.

क्रमांक जागेवर ठेवायची सवय मात्र छापील नमुन्यांच्या काळातली. इंग्लंडमध्ये जहाजभाड्याचे, बांधकामाचे करार अशा नमुन्यांवर होत. नको ते कलम रेघ मारून खोडायचे. पुढचे आकडे छापलेलेच, ते हलणार कसे? मग वाद उभा राहिला, की कराराचा अर्थ लावताना खोडलेले शब्द वाचायचे का. १९७० च्या दशकात 'मॉट्रम कन्सल्टंट्स विरुद्ध बर्नार्ड सनली' या बांधकामाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते विचारात घेता येतात असे मानले. 'वगळले' असे लिहिलेल्या स्वच्छ प्रतीत कलम गेल्याचे कळते, काय गेले ते कळत नाही. म्हणून जुने मसुदे जपून ठेवावेत.

आपल्याकडचे ठळक उदाहरण राज्यघटनेचे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद २३८ गेला, त्याच्याबरोबर अख्खा भाग सात. १९७१ मध्ये संस्थानिकांच्या तनख्यांचा २९१ गेला, १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा ३१. तो हक्क ३००क म्हणून, साधा कायदेशीर हक्क होऊन परत आला, पण ३१ च्या जागी दुसरे काही बसवले नाही. त्यामुळेच १९५० सालच्या निकालातला अनुच्छेद ३२ आजही ३२ च आहे. याउलट १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाचे ३०२ झाले १०३ आणि फसवणुकीचे ४२० झाले ३१८. जुने खटले चालवणाऱ्यांना दोन्ही आकडे सांभाळावे लागतात.

संगणकावर धोका वाढला. कलम ९ पुसले की १० चे आपोआप ९ होते. संदर्भ जोडलेला असेल तर निदान 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असे ठळक छापून येते. हाताने टाइप केलेला आकडा गप्प राहतो : 'कलम १४.२ नुसार नोटीस द्यावी' म्हणून पाहावे, तर तिथे अनामत रकमेचा परतावा. सह्यांच्या आदल्या रात्री एखादे कलम गळते, तोवर परिशिष्टांत आणि पत्रव्यवहारात जुनाच आकडा गेलेला असतो.

अमेरिकी करारांत अशा जागी 'रिझर्व्ह्ड'ही लिहितात, ब्रिटिश करारांत 'नॉट यूज्ड'. मराठी करारात मला 'राखीव' पटत नाही. कोणासाठी राखीव, हा प्रश्न वाचणारा विचारणारच.