पार्श्वभूमी : रुग्णाची माहिती, ‘नातेवाईक’ आणि 1998 चा निकाल

रुग्णाची माहिती रुग्णालयाबाहेर जाऊ नये, यावर कोणाचंच दुमत नसतं. वाद असतो तो ‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठून सुरू होतं यावर. रुग्णाचा भाऊ आतला की बाहेरचा? होणारी बायको? विम्याचे कागद बघणारा कारकून? बाजूच्या कॉटवरच्या पेशंटची काळजी घ्यायला आलेली मावशी? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत भारतात या विषयावर जे निकाल लागले आणि जे कायदे झाले, ते फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात. आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी एचआयव्हीमुळे घडल्या. त्यामुळे सुरुवात खरं तर तिथूनच करायला हवी. त्याआधीचं थोडक्यात सांगतो.

चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ नावाच्या भागात वैद्य होऊ पाहणाऱ्या शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नकोस असं स्पष्ट बजावलेलं आहे. वैद्य घरात शिरतो, म्हणजे घराच्या गुपितात शिरतो, ही जाण तितकी जुनी आहे. इंग्रजांच्या काळात मात्र तिला कायद्याचं बळ मिळालं नाही. 1872 च्या पुरावा कायद्याने वकील आणि अशिलातलं बोलणं सुरक्षित ठेवलं, डॉक्टर आणि पेशंटमधलं ठेवलं नाही. कोर्टाने विचारलं तर डॉक्टरला सांगावंच लागे, आजही लागतं. पंचवीस वर्षांनी प्लेग आला आणि साथरोग कायद्याने सरकारला घराघरात शिरायची मुभा दिली. पुण्यात त्याचं काय झालं, हे महाराष्ट्रात नव्याने सांगायला नको. पहिला नेटका अपवाद दिसतो तो वैद्यकीय गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यात. त्याखालच्या नियमांनी दाखल झालेल्या स्त्रियांची नोंदवही गुप्त दस्तऐवज ठरवली आणि केस पेपर, ऑपरेशन थिएटरची वही वगैरे बाकी सगळीकडे नावाऐवजी फक्त अनुक्रमांक लिहायचा, असं सांगितलं. माझ्या मते हा नियम त्याच्या काळाच्या फार पुढे होता. इतर आजारांसाठी तो कोणी उचलला नाही, याचं वाईट वाटतं.

मग 1989 साल. गोव्यात नियमितपणे रक्तदान करणाऱ्या एका तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्याला समुपदेशन मिळालं नाही. पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशातल्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत एकट्याला डांबून ठेवलं. तिथे तो 64 दिवस होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा सक्तीच्या विलगीकरणाची तरतूद होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. प्रयोगशाळेतला एक निष्कर्ष रुग्णालयातून निघून थेट पोलीस ठाण्यात पोहोचला होता, आणि त्या वाटेवर कोणीही, कुठेही अडवलं नव्हतं. त्या तरुणाने सुटल्यावर लोकांसमोर येऊन काम उभं केलं, आणि 1992 मध्ये तो गेला.

मुंबई उच्च न्यायालयाने पुढच्या काही वर्षांत दोन महत्त्वाची पावलं टाकली. 1996 मध्ये एका प्रकरणात सांगितलं की केस पेपरच्या प्रती मागणाऱ्या रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना रुग्णालय गोपनीयतेचं कारण पुढे करून नाकारू शकत नाही. तेव्हा गोपनीयतेचा शब्द रुग्णालयं स्वतःला वाचवायला वापरत होती, हे विसरता कामा नये. 1997 मध्ये एचआयव्हीमुळे काम नाकारल्या गेलेल्या एका रोजंदारी कामगाराला नाव लपवून, केवळ इंग्रजी अक्षरांच्या आड राहून खटला चालवू दिला. त्यामुळे अनेकांना कोर्टाची पायरी चढणं शक्य झालं.

आता 1998 चा निकाल. यावर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण रुग्णालयांच्या रोजच्या वागण्यावर इतका खोल ठसा दुसऱ्या कोणत्याही निकालाने उमटवलेला मला दिसत नाही.

ईशान्य भारतातला एक डॉक्टर 1995 मध्ये शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या एका रुग्णाबरोबर चेन्नईच्या खासगी रुग्णालयात आला होता. रक्त लागणार होतं म्हणून त्याने स्वतःचं रक्त तपासायला दिलं. ऑगस्टमध्ये त्याचं लग्न ठरलं, डिसेंबरची तारीख निघाली, आणि ते मोडलं. रुग्णालयात केलेल्या तपासणीत तो एचआयव्ही बाधित निघाला होता आणि ही गोष्ट त्याच्या माणसांपर्यंत पोहोचली होती. गावात त्याला वाळीत टाकल्यासारखं झालं आणि त्याला आपलं राज्य सोडावं लागलं. नुकसानभरपाईसाठी तो ग्राहक आयोगात गेला. तिथे हरला आणि सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. इथे ध्यानात घ्या, तो त्या रुग्णालयाचा पेशंट नव्हताच. तो रक्त द्यायला गेला होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सप्टेंबर 1998 मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला. खासगीपणाचा हक्क आहे, पण तो अमर्याद नाही. ज्या मुलीशी लग्न ठरलं तिच्या जीवाच्या हक्कापुढे तो मागे पडतो. इथवर बरेच जण मान्य करतील, मीही करतो. तिला कळायलाच हवं होतं. पण निकाल इथे थांबला नाही. रुग्णालय गप्प बसलं असतं तर दंड संहितेतल्या संसर्ग पसरवण्याच्या गुन्ह्यात तेही सामील ठरलं असतं, असं न्यायालयाने म्हटलं. आणि पुढे जाऊन, असा आजार असलेल्या माणसाचा लग्नाचा हक्क बरा होईपर्यंत ‘निलंबित’ असतो, असंही म्हटलं. एचआयव्हीवर तेव्हाही बरं करणारा उपाय नव्हता, आजही नाही. म्हणजे हे निलंबन जन्माचं झालं.

कोणाला सांगायचं, कोणी सांगायचं, कसं सांगायचं, आधी त्या माणसाला स्वतःहून सांगायची संधी द्यायची की नाही, याबद्दल निकालातून काही पद्धत मिळाली नाही. मिळाली ती भीती, गप्प बसलो तर आपल्यावर येईल ही. रुग्णालयांनी त्यातून आपापला सोयीचा अर्थ काढला: ‘घरच्यांना सांगायला हरकत नाही.’ निकाल एका वाग्दत्त वधूबद्दल होता. वॉर्डात पोहोचेपर्यंत त्याचे ‘नातेवाईक’ झाले. आणि आपल्याकडे नातेवाईक म्हणजे कोण, याला काही सीमा नाही. पेशंटबरोबर रात्री झोपायला आलेला मेहुणा नातेवाईक, डबा घेऊन येणारी शेजारीण नातेवाईक, गावातून चौकशीला आलेले सरपंचही नातेवाईक. राउंडच्या वेळी सिस्टर मोठ्याने विचारते, ‘यांचे नातेवाईक कोण?’ आणि जो हात वर करेल त्याला डॉक्टर सगळं सांगून मोकळे होतात.

मी एका सरकारी रुग्णालयात एका ओळखीच्या माणसाजवळ काही दिवस बसायला होतो, तेव्हाची गोष्ट. समोरच्या कॉटच्या पायथ्याशी अडकवलेल्या केस पेपरच्या कोपऱ्यात लाल स्केचपेनने एक गोल काढलेला होता. शब्द एकही लिहिलेला नव्हता. पण सफाईला येणारे मामा त्या एका कॉटजवळ आले की खिशातून हातमोजे काढून चढवायचे, बाकी सगळीकडे मोकळ्या हाताने काम करायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या पेशंटच्या बायकोने आपली पिशवी उचलून भिंतीकडे सरकवली. दुपारपर्यंत त्या माणसाला भेटायला आलेल्या भावालाही कळलं. कोणी कोणाला काही ‘सांगितलं’ नव्हतं. प्रत्येक पेशंटचं रक्त धोक्याचं मानून सगळ्यांशी सारखीच काळजी घ्यायची, ही पद्धत तेव्हाही सगळ्या परिचारिकांना शिकवलेली होती. तसं केलं असतं तर त्या लाल गोलाची गरजच उरली नसती.

डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी या प्रकरणात पुन्हा लक्ष घातलं. होणाऱ्या बायकोला कळवण्यात त्या माणसाच्या हक्काचा भंग झाला नाही, एवढंच त्यांनी कायम ठेवलं. लग्नाच्या हक्काबद्दलचं सगळं विवेचन त्या प्रकरणात अनावश्यक होतं, असं सांगून बाजूला काढलं. कायद्याच्या दृष्टीने निलंबनाचा विषय तिथे मिटला. लोकांच्या लेखी मिटला नाही. 1998 ची बातमी पहिल्या पानाची होती. 2002 ची दुरुस्ती किती जणांनी वाचली असेल? त्यानंतर कित्येक वर्षं ‘एचआयव्हीवाल्यांना लग्नाला बंदी आहे ना?’ असं सुशिक्षित माणसं विचारताना मी ऐकलं आहे.

त्याच वर्षी, 2002 मध्ये, डॉक्टरांसाठी आचारनियम आले. तेच आजही लागू आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये नवे आणले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. पेशंटचं गुपित तीन कारणांनीच फोडता येतं असं त्यात आहे: न्यायाधीशाने हुकूम केला, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ओळखता येणारा धोका असला, किंवा आजार सरकारला कळवण्याच्या यादीतला असला. मधल्या कारणात 1998 चा निकाल स्पष्ट दिसतो. पण तिथे ‘विशिष्ट’ आणि ‘ओळखता येणारा’ हे शब्द आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण नियमावलीत तेच सर्वांत मोलाचे आहेत. कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायची, हेही त्याच नियमांत आहे. द्यायची कोणाला? रुग्णाला, किंवा त्याच्या ‘अधिकृत’ सोबत्याला. अधिकृत म्हणजे रुग्णाने नेमलेला. रेकॉर्ड विभागाच्या खिडकीवर मात्र आधार कार्डावरचं आडनाव जुळलं की पुरतं.

मध्ये एक वेगळंच वळण आलं ते नमूद करायला हवं. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास झालेल्या महाराष्ट्रातल्या एका राजकीय नेत्याने शिक्षेचे बरेच दिवस मुंबईतल्या सरकारी रुग्णालयात काढले. माहितीच्या अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले गेले. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याच्या बाबतीत लोकहित असेल तर खासगीपणा मागे सरू शकतो. सत्तेतल्या माणसांच्या ‘छातीत दुखण्या’कडे पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. गोपनीयता हा आडोसा सामान्य माणसाचा असतो तसा बलवानाचाही, हेच यातून दिसलं.

1998 ला खरं उत्तर मिळायला 2017 उजाडावं लागलं. त्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच्या चार महिने आधी एचआयव्हीचा कायदा झाला होता, तो कमी लोकांना माहीत आहे. तो सप्टेंबर 2018 मध्ये लागू झाला. 1998 मध्ये जी पद्धत मिळाली नव्हती, ती त्यात आहे. जोडीदाराला सांगायचं तर फक्त डॉक्टरने किंवा समुपदेशकाने. त्याआधी बाधित माणसाला स्वतः सांगायला प्रवृत्त करायचं. तो सांगणार नाही याची खात्री पटली तरच, आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला कळवून, मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. सांगितल्याने हिंसा होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगायचं नाही. यात सासू, दीर, भाऊ कुठेच नाहीत. आणि जोडीदाराची व्याख्या पाहिली तर नवरा-बायको किंवा लग्नासारख्या नात्यात राहणारी व्यक्ती, एवढीच आहे. लग्न ठरलेली पण अजून न झालेली मुलगी, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं, तिच्यासाठी त्या व्याख्येत वेगळा शब्द नाही.

मानसिक आरोग्याचा कायदाही 2017 चाच, आणि त्यातही गोपनीयतेला स्वतंत्र कलम आहे. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातात डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. तिथे मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. एका वाक्याची ही सवलत, पण तिच्यावाचून कितीतरी मुली रुग्णालयाऐवजी भलत्याच ठिकाणी गेल्या असत्या.

करोनाने या सगळ्यावर काही महिन्यांत पाणी फिरवलं. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे विलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले. दारांवर फलक लागले, बाधितांची नावं-पत्ते असलेल्या याद्या व्हॉट्सअॅपवर सोसायटी-सोसायटीतून फिरल्या. त्या कुठल्या कार्यालयातून निघाल्या, हे विचारायला कोणाला उसंत नव्हती. दारावरचे फलक सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते डिसेंबरमध्ये.

संगणकाचा भाग मी शेवटी घेतला, कारण त्याचा इतिहास अजून घडतो आहे. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत धरल्या. आरोग्याच्या माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा 2018 मध्ये आला आणि तिथेच राहिला. 2023 मध्ये सगळ्याच वैयक्तिक माहितीसाठी कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, पण ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्ग त्यात ठेवलेला नाही. कायद्याच्या लेखी तुमचा मनोविकाराचा केस पेपर आणि तुमचा फोन नंबर एकाच माळेचे मणी. मला ही माघार वाटते. दरम्यान 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीतल्या देशातल्या सर्वांत नावाजलेल्या सरकारी रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि तिथले कर्मचारी कित्येक दिवस पुन्हा हाताने केस पेपर लिहीत बसले.

2021 पासून देशभर चौदा अंकी आरोग्य खातं उघडलं जातं. त्यातल्या नोंदी रुग्णाच्या संमतीवाचून कोणाला दिसणार नाहीत, असा त्याचा पाया आहे, आणि खातं उघडताना मोबाइलवर ओटीपी येतो. तालुक्याच्या गावच्या एका नोंदणी खिडकीवर मी हे पाहिलं. साठी उलटलेल्या आजी. खिडकीतली मुलगी म्हणाली, ‘आजी, ओटीपी सांगा.’ आजींच्या आधारला जोडलेला नंबर पुण्याला राहणाऱ्या मुलाचा होता. मागे उभ्या असलेल्या एका माणसाने आपल्या फोनवरून तो लावून दिला. पलीकडून मुलाने आधी विचारलं, ‘आई, कशासाठी गेलीस दवाखान्यात?’ रांगेत पंधरा-वीस माणसं होती. आजींनी पदर तोंडाशी नेला, हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि मग मुलाने सहा आकडे वाचून दाखवले.