ऐतिहासिक कादंबरीतील स्त्रीजीवन व स्वातंत्र्यलढा

गतकाळातील स्त्रियांचे घरगुती व सार्वजनिक आयुष्य आणि परसत्तेविरुद्धचा संघर्ष यांची एकत्र गुंफण करणारा भारतीय कथासाहित्यातील प्रवाह. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार मुख्यतः मराठी कादंबरी व कोल्हापूर संस्थान यांच्या संदर्भात केला आहे.

या प्रवाहाच्या आरंभाविषयी एकमत नाही. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत हिंदू विधवांची दुःस्थिती हाच विषय असला, तरी ती समकालीन सामाजिक कादंबरी होय. रा. भि. गुंजीकर यांची मोचनगड (१८७१) ही सामान्यतः पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. १८६७ मध्ये निघालेल्या विविधज्ञानविस्तार मासिकातून ती आधी क्रमशः आल्यामुळे तिचा काळ थोडा मागे नेता येईल; तथापि ग्रंथरूपाचे वर्ष धरणे अधिक सोयीचे दिसते. खरा वाद ‘ऐतिहासिक’ कशास म्हणावे हा आहे. रवींद्रनाथ टागोरांची घरे-बाइरे (१९१६) स्वदेशी चळवळीनंतर अवघ्या दशकभरात आली, तर राजा राव यांच्या कांतापुरा (१९३८) या कादंबरीत गावातील एक वृद्धा नजीकच्याच सत्याग्रहाची हकीकत सांगते. लेखक व घटना यांत किमान एका पिढीचे अंतर हवे असे मानल्यास दोन्ही कादंबऱ्या वगळाव्या लागतील. लढ्यातील स्त्रीचे चित्रण मात्र अशाच कादंबऱ्यांत भरीव असल्याने ही अट येथे शिथिल करणे इष्ट वाटते.

मराठीत स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की औरंगजेबाविरुद्धचा लढाही अभिप्रेत असतो. राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून, ताराबाईंनी तो चालविला. कोल्हापूरच्या गादीची स्थापनाही त्यांचीच. जिल्ह्यातील कोवाडचे रणजित देसाई व आजऱ्याचे शिवाजी सावंत यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या मराठेशाही आणि पौराणिक कथा यांकडे वळलेल्या दिसतात. देसाईंच्या स्वामी (१९६२) मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाईंचे सहगमन (सती जाणे) हा शेवट आहे. राजघराण्यातील स्त्री तेथे केंद्राजवळ येते, पण पतीच्या चरित्राच्या अनुषंगाने.

ब्रिटिशकालीन कोल्हापूरची परिस्थिती कादंबरीकाराला अधिक अवघड, आणि म्हणूनच अधिक फलदायी आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहास कायद्याची मान्यता दिली व १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, म्हणजे स्त्रीच्या घरगुती आयुष्यातील काही बंधने येथे दरबारानेच सैल केली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजापरिषदेने माधवराव बागल आदींच्या नेतृत्वाखाली त्याच दरबाराकडे जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी कारभाराची, मागणी केली. ब्रिटिश मुलखातील सत्याग्रहाचा साचा, ज्यात सुधारणा व स्वातंत्र्य एकाच बाजूस उभी असतात, येथे जसाच्या तसा बसत नाही. सुधारणेचा लाभ मिळालेली स्त्री संस्थानी सत्तेविरुद्धच्या सभेत बसलेली दाखवताना लेखकाला दोन्ही निष्ठांचा हिशेब द्यावा लागतो. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात भागीरथीबाई तांबट व जयाबाई हविरे यांनी शहरातील गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला, ही घटना स्थानिक इतिहासात ठळकपणे नोंदलेली आहे.

सामान्य स्त्रियांविषयीची साधने विरळ आहेत. दरबारी दप्तरात त्या बहुधा वारस, विधवा किंवा अर्जदार म्हणून येतात. जात्यावरच्या ओव्यांत गांधींचे उल्लेख आढळतात, परंतु ओवीचा काळ ठरविणे कठीण असल्याने त्यांचा उपयोग घटनाक्रमापेक्षा भाषा व भाव यांसाठी करणे श्रेयस्कर. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे कोल्हापुरातील लढ्याची कथा १५ ऑगस्ट १९४७ लाच थांबविणारी मांडणी अपुरी ठरते.