उभयचर वाहन : चिखलातील पट्टे आणि टायर

पाण्यावर तरंगणाऱ्या आणि जमिनीवर चालणाऱ्या हलक्या वाहनाला चिखलात पकड मिळवून देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत कमी हवेच्या रुंद टायरांची. दुसरी, त्याच टायरांवरून किंवा स्वतंत्र चाकांवरून फिरवलेल्या रबरी पट्ट्यांची, म्हणजे ट्रॅकची. कोणती रीत चांगली, याचे एकच एक उत्तर नाही. ते चिखलाच्या जातीवर आणि त्याखाली तळ लागतो की नाही यावर ठरते. बडोद्यासारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. विश्वामित्री पावागडाकडून उतरते, शहराच्या मधोमध वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. पूर ओसरल्यावर तिच्या काठच्या वस्त्यांत डांबरी रस्त्यावरचा बोटभर गाळ आणि कोतरांतला, म्हणजे नदीकाठच्या घळींतला कंबरभर गाळ, दोन्ही एकाच दिवशी समोर असतात.

या वाहनांचा सध्याचा घाट १९६० च्या दशकात कॅनडात रुळला. तिथल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९६७ पासून बनणारे ‘आर्गो’ हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. प्लॅस्टिकची एकसंध, सपाट बुडाची नाव, तिला सहा किंवा आठ चाके आणि सर्व चाकांना साखळ्यांनी जोडलेले एकच इंजिन, अशी ही रचना. पुढची चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके रोखली की गाडी त्या बाजूला वळते. वेगळी स्प्रिंग बहुधा नसते, तिचे काम फुगीर मऊ टायरच करतात. पाण्यात त्याच टायरांचे उंचवटे पाणी मागे लोटतात आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते. ‘शेर्प’ घराण्यातली वाहने याउलट चारच, पण माणसाच्या उंचीच्या जवळ जाणाऱ्या प्रचंड चाकांवर उभी असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबातल्या पुरात भारतीय सेनेने उतरवलेले ‘अ‍ॅटोर एन १२००’ हे याच घराण्यातले.

चिखलात गाडी पुढे ढकलणारे बळ दोन गोष्टींतून येते : मातीचा चिकटपणा आणि मातीच्या कणांमधले घर्षण. चिकटपणातून मिळणारे बळ टेकलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, तर घर्षणातून मिळणारे बळ वजनाच्या प्रमाणात. पाण्याने तुडुंब भरलेल्या चिकणमातीत घर्षण जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे वजन वाढवून काही साधत नाही. तिथे कामाला येते ते क्षेत्रफळ. कोरड्या वाळूत नेमके उलट घडते. पट्टे विरुद्ध टायर हा सारा वाद या एका फरकावर उभा आहे. मूळचे पोलंडचे अभियंते मिएचिस्लाव बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या विचाराला शास्त्राचे रूप दिले. पुढे चंद्रावर गेलेल्या अमेरिकी गाडीच्या चाकांच्या कामातही त्यांचा वाटा होता.

आकडे घालून पाहिले की फरक किती मोठा आहे ते कळते. आठ चाकी गाडी माणसांसह ८५० किलो वजनाची आहे आणि प्रत्येक टायर २५ गुणिले २२ सेंटिमीटर एवढा टेकतो असे धरू. एकूण क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर झाले आणि जमिनीवरचा सरासरी दाब १९ किलोपास्कल. आता तिच्यावर ४५ सेंटिमीटर रुंदीचे, प्रत्येकी दोन मीटर टेकणारे पट्टे चढवले. पट्ट्यांचे शंभर किलो वजन वाढले, पण क्षेत्रफळ १.८ चौरस मीटरवर गेले आणि दाब पाचच्या आसपास उतरला. गाळाचा चिकटपणा ५ किलोपास्कल असेल तर टायरांना त्यातून जास्तीत जास्त २.२ किलोन्यूटन ओढ मिळेल, पट्ट्यांना ९. चौपट! त्याच गाड्या कोरड्या वाळूत नेल्या तर ही चौपट नाहीशी होते. तिथे टायरांना साधारण ४.८ आणि पट्ट्यांना ५.४ किलोन्यूटन मिळेल, तेही पट्ट्यांनी वजन वाढवले म्हणून. तुलनेसाठी, चालणाऱ्या माणसाच्या एका पायाखाली ५० किलोपास्कलच्या आसपास दाब येतो. म्हणून टायरांची गाडी जिथे रुतते, तिथे खाली उतरून तिला ढकलू पाहणारा माणूस तिच्याआधी रुततो.

हे गणित पट्ट्यांच्या बाजूने थोडे झुकलेले आहे, हे सांगायलाच हवे. सरासरी दाब फसवा असतो. पट्टा लवचिक असल्याने त्यावरचा भार चाकांच्या खाली एकवटतो आणि दोन चाकांमधला भाग जमिनीला नुसता टेकून राहतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात रोलंड या संशोधकांनी प्रत्येक चाकाखालच्या कमाल दाबाची सरासरी काढण्याची पद्धत मांडली, ती यासाठीच. चाके जास्त आणि जवळ जवळ असतील तर पट्ट्याचा फायदा पुरा पदरात पडतो. आठ चाकांच्या गाडीवर पट्टा जितका शोभतो तितका सहा चाकांच्या गाडीवर शोभत नाही, त्याचे कारण इथे आहे.

आता मातीकडे वळू. बडोद्याच्या आसपास दोन जमिनी शेजारी नांदतात. एक गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित, पाणी झटकन पिऊन टाकणारी. दुसरी डभोई-करजणकडच्या कानम पट्ट्यातली कपाशीची काळी. गोराडूत पाऊस थांबल्यावर काही तासांत टायर धावू लागतात, तिथे पट्टे चढवण्याचा खटाटोप करू नये. काळी मात्र पाणी धरून फुगते आणि तिची चाल दर दिवसाला बदलते. पातळ असताना ती पट्ट्यांना अनुकूल असते. अर्धवट वाळून कणकेसारखी झाली की तीच पट्ट्यांची वैरीण होते. ओला गोळा टायर आणि पट्ट्याच्या मधल्या फटीत शिरतो, प्रत्येक फेऱ्याला त्यावर नवा थर चढतो आणि टायरचा घेर आतून वाढत जातो. पट्टा तणावाने तुणतुणू लागतो, साखळ्या आणि बेअरिंगवर ताण येतो. अशा वेळी वळण घेतले तर पट्टा दातऱ्यांवरून निसटून बाजूला पडतो. गुडघाभर चिखलात निसटलेला पट्टा पुन्हा चढवणे हे या वाहनांच्या चालकाचे सर्वांत नकोसे काम आहे. हवा सोडायची, पट्टा हाताने ओढून चाकांच्या ओळीत आणायचा, मधला चिखल सळईने उकरायचा, पुन्हा हवा भरायची. टायरच्या खाचांतही काळी माती भरते आणि टायर गुळगुळीत होतो. पण टायर थोडा वेळ जोरात फिरवला तर बरीच माती झटकली जाते. पट्ट्याला ही सोय नाही.

चिखल फार पातळ आणि खोल असेल तर प्रश्नाचे रूपच पालटते. गाडीच्या बुडाखाली वीत-सव्वा वीत जागा असते. चाके त्याहून खोल गेली की बूड चिखलावर टेकते. ट्रॅक्टर असता तर खेळ तिथेच संपला असता. उभयचर गाडीचे बूड सपाट आणि बंद असल्याने ती चिखलावर घसरत राहू शकते, आणि गाळ पाण्याहून जड असल्याने तो तिला पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतो. म्हणजे बुडण्याची भीती नाही, अडचण फक्त पुढे रेटा मिळण्याची. टायर अशा राबडीत गरगर फिरत राहतात. पट्ट्यावरच्या आडव्या कडा मात्र गाडीच्या सगळ्या लांबीभर राबडी मागे लोटतात. ढाढर आणि मही जिथे खंभातच्या आखाताला मिळतात तिथल्या भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्या या जातीच्या आहेत. तिथे टायरांची गाडी नेणे मी तरी सुचवणार नाही.

सर्वांत कठीण जागा पाण्यात नसते, चिखलातही नसते. ती दोहोंच्या सीमेवर असते. गाडी तरंगत काठाला येते, पुढची चाके चढणीला लागतात आणि नाक वर उचलले जाते. मागचा भाग अजून पाण्यात तरंगतो आहे, त्याचे वजन जमिनीवर नाही. मधल्या चाकांखाली पोकळी आहे. या क्षणी आठपैकी दोनच टायर काम करत असतात आणि तेही पाण्याने गुळगुळीत झालेल्या मातीवर. टायर फिरतात, काठ खरवडतात आणि प्रत्येक प्रयत्नाला चढण आणखी उभी होते. पट्टा ही पोकळी भरून काढतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधला त्याचा भाग काठाच्या कडेवर पडतो, धरतो आणि गाडीला वर ओढतो. विश्वामित्रीचे काठ कोतरांचे, उभे आणि चिकणमातीचे आहेत. सयाजीबागेच्या पुलावरून पावसाळ्यात खाली पाहिले तरी याची कल्पना येते. नदीत उतरून पुन्हा वर यायचे असेल तर पट्टे हवेतच, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीच गाडी शहरातल्या सोसायट्यांत न्यायची असेल तर मत बदलते. तिथे गाळाखाली डांबर किंवा पेव्हर ब्लॉक असतात, म्हणजे तळ लागतो. टायर गाळ कापून तळाला टेकतात आणि धावतात. पट्टा मात्र डांबरावर झिजतो, वळताना गाडीला अडवतो, इंधन खातो आणि वेग निम्म्याच्या आसपास आणतो. जागच्या जागी वळताना पट्ट्याची सगळी लांबी जमिनीवर आडवी घासत न्यावी लागते. त्यासाठी लागणारे बळ लांबीबरोबर वाढते, म्हणून लांब आणि अरुंद गाडी पट्ट्यांवर हट्टी होते. भातखाचरात चिखलणी करणारा ट्रॅक्टर लोखंडी केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखे चाक लावतो तोही खाली कठीण थर आहे या भरवशावर. तो थर नसेल तर केजव्हील गाडीला आणखी खोल नेते.

या यंत्रांचा इतिहास पुराशी बांधलेला आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत चक्रीवादळाने अडकलेल्या माणसांपर्यंत नाव पोहोचत नव्हती आणि मोटारही. त्यासाठी डोनाल्ड रोबलिंग यांनी १९३५ मध्ये पट्ट्यांवर चालणारे ‘अ‍ॅलिगेटर’ तयार केले. पहिल्या नमुन्याची पाण्यातली चाल फार मंद होती. पट्ट्यावरच्या पात्यांची रचना बदलल्यावर ती सुधारली. याच यंत्रातून दुसऱ्या महायुद्धातले एलव्हीटी हे सैनिकी वाहन निघाले आणि १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटांच्या प्रवाळ खडकांवरून ते किनाऱ्यावर चढले. त्याच युद्धातल्या सहा चाकी ‘डक’ने टायरांची बाजू राखली. चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करता येण्याची सोय तिच्यात होती. वाळूच्या किनाऱ्यावर हवा कमी, रस्त्यावर जास्त. शेर्प घराण्यातली वाहने आज हेच काम इंजिनाच्या धुराच्या दाबाने करतात.

बडोद्यात ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळी मगरी वस्त्यांत आल्या. शहराजवळ जरोद येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी आहे आणि रबरी नावा हे अशा दलांचे मुख्य साधन. पाणी उतरू लागले की नावेच्या मोटरचा पंखा गाळात अडकतो आणि ट्रॅक्टर अजून जाऊ शकत नाही. मधल्या या तासांत उभयचर गाडीचा खरा उपयोग आहे. विश्वामित्रीच्या काठी मात्र एक अट वाढते : गाडी अडली तर माणसाने खाली उतरून ढकलायचे नाही. गाळात पाय रुतेल आणि गढूळ पाण्यात मगर दिसणार नाही. म्हणून इथल्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र असावे, आणि काठाच्या कामाला निघताना पट्टे आधीच चढवलेले असावेत. अडकल्यावर ते चढवता येत नाहीत.

पट्टे चढवलेल्या गाडीत टायरची हवा नेहमीपेक्षा किंचित जास्त ठेवतात. पट्ट्याचा ताण त्या हवेवरच अवलंबून असतो. हवा कमी असेल तर टायर पट्ट्याच्या आत घसरतो, फार जास्त असेल तर बेअरिंग लवकर जातात. दर फेरीनंतर चिखल ओला असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पट्टे धुवावे लागतात. पुराच्या गाळात सांडपाणी आणि बारीक वाळू असते. तो रात्रभर वाळला तर दगडासारखा होतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी हलताच साखळीचे दाते खातो. धुऊन झाल्यावर आसांना ग्रीस भरायचे आणि बुडाचे बूच काढून आत शिरलेले पाणी सोडायचे. गाडी पुन्हा पाण्यात घालण्याआधी ते बूच घट्ट बसवले आहे ना, हे हाताने चाचपून पाहायचे.