फिनेलच्या वासाने वॉर्ड स्वच्छ होत नाही

(फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या आमच्या नर्सिंग होम ग्राहकांसाठी)

सफाईचं काम आम्हाला देताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: "लादी दिवसातून किती वेळा पुसणार?" पण रुग्ण लादीला हात लावत नाही. तो हात लावतो कॉटच्या कठड्याला, बेलच्या बटणाला, लॉकरच्या मुठीला, संडासाच्या कडीला. नर्स, डॉक्टर आणि घरून पेज घेऊन आलेली त्याची आईही तिथेच हात लावतात. औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस आणि असिनेटोबॅक्टरसारखे जंतू अशा कोरड्या जागांवर कित्येक दिवस, कधी आठवडेही टिकून राहतात. म्हणून आमचं काम हाताच्या उंचीवरून सुरू होतं, लादी शेवटी. चवथीला आमची निम्मी माणसं गावी असतात. त्या आठवड्यात एक वेळ लादी राहिली तर चालेल, कठडे राहता कामा नयेत.

पुसलं की नाही हे आम्ही वासावरून ठरवत नाही. एक जेल मिळतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील टॉर्चखाली चमकतं. त्याचे ठिपके रात्री लावून ठेवायचे आणि सकाळच्या सफाईनंतर टॉर्च मारायचा. सुरुवातीला आमचीच फजिती झाली. कठड्याची वरची दांडी लख्ख, पण खालच्या बाजूला, जिथे उठताना रुग्ण बोटं अडकवतो, तिथला ठिपका जसाच्या तसा! तो पाहिल्यापासून आमच्याकडे सफाई करणाऱ्या बायका फडकं दांडीभोवती गुंडाळून फिरवतात.

हायपोचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं, माप मात्र अंदाजपंचे चालत नाही. रक्त सांडलं तर १ टक्क्याचं द्रावण लागतं. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ भाग हायपो, ४ भाग पाणी. १० टक्के असेल तर १ भागाला ९ भाग. 'दोन झाकणं टाकली' हे माप नव्हे. रक्तावर शोषून घेणारा कागद टाकावा, वरून द्रावण ओतून किमान १० मिनिटं थांबावं, मगच उचलावं. हातमोजे अर्थातच हवेत. एरवी मळ आधी साबणाच्या पाण्याने काढा. मळावर ओतलेलं हायपो वाया जातं. द्रावण रोज ताजं करा आणि कॅन खिडकीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाने नि उकाड्याने त्याचा जोर उतरतो. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जून ते सप्टेंबर आमची खरी परीक्षा. मॉप वाळतच नाही, आणि बादलीत रात्रभर भिजत पडलेला मॉप सकाळी जंतूच लादीवर पसरवतो. म्हणून पावसाळ्यात मॉपचे दोन जोड लागतात, एक वापरात आणि एक गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवलेला. त्याचा खर्च बिलात वेगळा दिसेल. छताला ओल येऊन बुरशी धरली असेल तर ती पुसून आम्ही पैसे घेणार नाही. आधी गळती थांबवा.

दर महिन्याला फॉगिंग करून द्या, म्हणजे खोलीत जंतुनाशकाचा धूर फवारा, अशीही मागणी येते. आम्ही नाही म्हणतो. धुराने मळ निघत नाही, आणि कोविडच्या काळात, २०२० साली, जागतिक आरोग्य संघटनेनेही खोल्यांत सरसकट फवारणी नको असंच सांगितलं होतं.

एक काम तुमचं, आम्हाला ते विकता येत नाही: हात धुणं. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज स्पिरिटचा हँडरब २० ते ३० सेकंद चोळला तरी पुरतो, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या रुग्णाजवळून आल्यावर मात्र साबणच हवा, काही जंतूंचे बीजाणू स्पिरिटला जुमानत नाहीत.

आणि सुया पांढऱ्या डब्यातच टाका. पिवळ्या पिशवीतून त्या आमच्या माणसांच्या बोटांत घुसल्या आहेत, एकदा नाही.

नवीन ग्राहकाला दर सांगण्याआधी आम्ही एक रात्र मागतो, ठिपके लावायला. सकाळी टॉर्च तुमच्याच मेट्रनच्या हाती देऊ.