संस्थेचा बचत गट आणि कंपनीचा कर्जगट यांत गल्लत नको

धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कुठल्याही गावात बायका सतरंजीवर गोल बसलेल्या दिसल्या की बाहेरचा माणूस ‘बचत गटाची बैठक’ असं लिहून मोकळा होतो. पुढे मायक्रोफायनान्स कंपनीच्या, म्हणजे बायकांना बिनतारण छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीच्या, हप्त्यापायी कुणी गाव सोडलं, की बातमीत बोल लागतो तो बचत गटाला. असं वाचलं की संताप येतो.

बचत गट तुम्हाला ठाऊकच आहे: दहा ते वीस बायका, दरमहा बचत, हिशेबाची वही, मग बँकेचं कर्ज. नाबार्ड या राष्ट्रीय ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला सुरुवात केली. गावोगावी गट बांधण्याचं आणि वही लिहायला शिकवण्याचं काम पुष्कळ ठिकाणी सेवाभावी संस्थांनी केलं. कंपनी कर्ज वाटायला जो गट करते, त्यात बायका कमी असतात, हप्ता बहुधा आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा असतो. हे फरक किरकोळ आहेत. व्याजदरावरून वाद घालणंही मला फारसं पटत नाही. गटही आपसांत बहुधा महिना दोन टक्के घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस. कंपनीचाही दर कितीदा त्याच्याच आसपास असतो.

खरी मेख आहे पैसा कुणाचा यात. बारा जणींनी महिन्याला शंभर टाकले तर वर्षाला १४,४०० रुपये त्यांचे स्वतःचे. दहा हजारांच्या अंतर्गत कर्जावर पहिल्या महिन्याचं दोनशे रुपये व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि पुढे त्यांच्यातच वाटलं जातं. कंपनीला दिलेलं व्याज गावाबाहेर जातं. आणि ज्याचा पैसा, हप्ता कधी घ्यायचा हे त्याच्या हातात.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा आमचूर घ्या. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, कापायच्या, उन्हात वाळवायच्या. पांढरा, कडक वाळलेला माल चांगला जातो, ओलसर राहिला तर काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. गटाचं कर्ज असेल तर बाई बैठकीत सांगू शकते, ‘माल विकल्यावर भरते, तोवर नुसतं व्याज घ्या.’ बाकीच्या जणींच्याही अंगणात कैऱ्याच वाळत असतात, त्यांना ते कळतं. कंपनीचा वसुलीवाला मात्र ठरल्या दिवशी दारात हजर. मग ती अर्धा ओला माल मिळेल त्या भावाने काढते, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडून उचलून पहिलीला भरते. तिने नाही भरला तर सोबतिणींना भरावा लागतो, आणि शेजारणींत वैर येतं.

दवाखान्यासारख्या नडीला कंपनी लवकर पैसे देते, हे खरं. गटाची पेटी तेवढी मोठी नसते. तरीही कंपनीच्या माणसाला गटाच्या बैठकीत आणून बसवणाऱ्या संस्थांना माझा ठाम विरोध आहे. बायकांनी वर्षानुवर्षं जोडलेला विश्वास त्याला आयता तारण म्हणून मिळतो.

आणि संस्थांनो, अहवालात ‘वसुली शंभर टक्के’ लिहून बाईची प्रगती दाखवू नका. आमचूर कधी विकला, काय भावाने विकला आणि पैसे कुणाच्या हातात राहिले, ते लिहा.